सातव्या मजल्यावरची हरकत

सीमेवर तोफा सुरू झाल्या त्या आठवड्यात मी चार पत्रे लिहिली. एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक महापालिकेला आणि दोन आमच्या बाळकुमच्या सोसायटीच्या समितीला. दोन अशासाठी, की पहिल्याची तिने पोचही दिली नव्हती. हल्ला झाल्यास इमारत रिकामी कशी करावी, याच्या सरावासाठी अकरावी-बारावीची मुलेही नेमली होती. अल्पवयीनांवर असे काम सोपवताना पालकांची लेखी संमती कोणी घेतली? आणि लिफ्ट बंद ठेवून माझ्या पत्नीला सात मजले उतरवण्याचा अधिकार त्यांना कोणत्या नियमाने मिळाला? पक्षाघातानंतर दीड वर्ष ती घराबाहेर पडली नव्हती. आमची हरकत नोंदवून घ्यावी, असे मी प्रत्येक पत्रात बजावले.

सरावाच्या दुपारी भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात दारात पाच जण उभे राहिले. पुढे अकरावीतली एक मुलगी, हातात फाइल. मागे चार मुलगे, त्यांतले दोघे यंदाच पदवीधर झालेले. मी दार अर्धेच उघडले.

“संमतीपत्रे?”

तिने फाइल माझ्या हाती दिली. मी उभ्या उभ्या प्रत्येक कागद वाचला. आयुष्यभर मी इतरांच्या कागदांतल्या चुका काढत आलो. येथे एकही सापडेना. फाइलमध्ये आणखी एक यादी होती: परिसरातल्या ज्या माणसांना स्वतःहून जिना उतरता येत नाही त्यांची, मजल्यासह, आजारासह. आमच्या समितीजवळ मोटारींची यादी होती. ही नव्हती. मला समितीचा संताप आला आणि त्याच क्षणी या मुलांपुढे मान लववावीशीही वाटली.

“तरीही माझी हरकत आहे,” मी म्हणालो.

“तुमची आहे, आजोबा. पत्रं वाचली आम्ही. आजींची कुठंय?”

मी फाइल मिटून तिला परत दिली.

“त्या नको म्हणाल्या तर नकार लिहून आम्ही खाली जातो,” ती म्हणाली.

आतून पत्नीचा आवाज आला. “अगं, मला विचारायचं तर आत ये. ह्यांनी माझ्या वतीनं चार पत्रं लिहिली, वाचून एक दाखवलं नाही.”

मुलगी तिच्या उशाशी गुडघ्यांवर बसली. खुर्चीत कसे बसवणार, चादरीने कोठे बांधणार, कोठे थांबणार, सगळे तिने सांगितले. मगच विचारले, “उतरायचं का, आजी?”

“उतरायचंय,” पत्नी म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही.

पदवीधरांपैकी एक बाळकुम गावातलाच. “आजी, टेन्शन नाय. गावदेवीची पालखी दरवर्षी आमच्याच खांद्यावर असते.”

“मग हार कुठाय, रे?”

“पोचल्यावर घालतो ना.”

आणि खरोखरच त्यांनी ती खुर्ची पालखीसारखी नेली. पुढचे दोघे उचलून धरत, मागचे दोघे वाकत. जिना तीव्र उताराचा, पण आसन सपाट. प्रत्येक वळणावर मुलगी “आजी, बरंय?” असे विचारी आणि होकार आल्यावाचून पुढचे पाऊल पडू देत नसे. मी कठडा धरून मागून उतरत होतो. इतकी वर्षे कायद्याची भाषा बोलूनही जे मला घरात सुचले नव्हते, ते ही सतरा वर्षांची मुलगी प्रत्येक मजल्यावर करत होती.

खाली पोचल्यावर तिने घड्याळ पाहिले. “बारा मिनिटं. खूप झाली. खरंच वेळ आली तर पुरणार नाहीत. आजी, उद्या परत?”

“उद्या पाचनंतर या. फार ऊन आहे.”

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीचा एक पाय धरायला पुढे झालो. मुलांनी मला नम्रपणे बाजूला केले. “आजोबा, तुम्ही पायऱ्या मोजा. मोठ्यानं.” मी मोजल्या. नऊ मिनिटे लागली.