गुलाम हा शब्द काढताना

मी गोंडपिपरीत राहते आणि घरी बसून कंप्युटरचे प्रोग्राम लिहिते. घरात बाबा आणि मी, दोघंच. आई गेल्यापासून बाबांचं जेवणखाण, औषधपाणी माझ्याकडे आहे, म्हणून नोकरीसाठी पुण्याला गेले नाही.

ज्या प्रोग्राममुळे पुढचं सगळं झालं तो मी जिवतीच्या एका दवाखान्यासाठी लिहिला होता. दवाखाना एका संस्थेचा, डोंगरावर. तिथं नेट दोन-दोन दिवस नसायचं, त्यामुळे रुग्णांच्या नोंदी संस्थेच्या चंद्रपूरच्या कचेरीत वेळेवर पोचत नसत. माझा प्रोग्राम एवढंच करायचा, की नेट आलं की दवाखान्यातल्या मशीनवरच्या नोंदी कचेरीतल्या मशीनवर उतरवायचा. तो मी ओपन सोर्स ठेवला, म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, हवा तसा बदलावा. हळूहळू तो दूरदूरच्या देशांत पोचला. बेटांवरच्या शाळा वापरू लागल्या, मासेमारीच्या बोटींवर गेला. मग एका परदेशी फाउंडेशननं तो सांभाळण्यासाठी मला वर्षभराचं मानधन देऊ केलं. घर त्यावर चालू लागलं.

त्या प्रोग्राममध्ये पहिल्या मशीनला मी मास्टर म्हटलं होतं आणि दुसरीला स्लेव्ह. कॉलेजात असंच शिकवलं होतं. मास्टर सांगतो, स्लेव्ह ऐकतो. मालक आणि गुलाम. मी ते शब्द शेकडो वेळा टाइप केले असतील, पण त्यांचा अर्थ एकदाही मनात आला नाही.

एका सकाळी एका परदेशी प्रोग्रामरनं प्रकल्पाच्या, म्हणजे या प्रोग्रामच्या, नेटवरच्या खुल्या पानावर लिहिलं, माझे पणजोबा गुलाम म्हणून विकले गेले होते, हा शब्द रोज वाचणं मला जड जातं, बदलता येईल का? सरळ, नम्र विनंती होती. मी लिहिलं, विचार करते. तेवढ्यानं भडका उडाला. एक गट म्हणाला, यात विचार कसला करायचा, आजच्या आज काढा. दुसरा म्हणाला, आज हा शब्द, उद्या सगळी भाषाच धुऊन काढणार का? प्रकल्पाला सुरुवातीपासून मदत करणारा युरोपातला एक म्हातारा प्रोग्रामर होता. त्यानं लिहिलं, शब्दांशी माझं भांडण नाही, पण चालत्या मशीनमधलं नाव बदललं की कुठेतरी काहीतरी तुटतं, आधी नीट तपासा. त्यालाही लोकांनी शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवसापासून उत्तरं मोजणं मी सोडून दिलं. पान उघडायच्या आधी मी उगाच घरातली कामं काढायची.

मग फाउंडेशनच्या बाईंचा व्हिडिओवर फोन आला. त्या नेहमीसारख्याच गोड बोलल्या. "तुमच्यावर कसलाही दबाव नाही," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षाच्या निधीचा विचार करताना समिती हे पान वाचेलच." मी हसून मान हलवली. फोन ठेवल्यावर बराच वेळ पडद्यावर माझाच चेहरा दिसत होता आणि तो अजून हसत होता.

इथपर्यंतची भीती कामाची होती. त्यानंतरची घरात आली. भांडणाऱ्यांपैकी कुणीतरी माझं गाव शोधून काढलं आणि हिंदीत लिहून टाकलं, की ही बाई परदेशी पैशावर बसून परदेशी लोकांचं ऐकते. ते वाक्य दोन दिवसांत गोंडपिपरीतल्या फोनच्या ग्रुपवर आलं. तोवर त्यातलं भांडण गळून गेलं होतं, उरलं होतं एवढंच, की आपल्या गावातली एक बाई बाहेरून पैसा घेते आणि कंप्युटरवर काय करते ते कुणाला माहीत नाही. आमच्या जिल्ह्यात, जंगलाला लागून राहणाऱ्याबद्दल अशी गोष्ट पसरणं साधं नाही; पोलीसही संशय घेतात आणि नक्षलीही. शेजारणीनं मला ते दाखवलं आणि म्हणाली, "तुह्याबद्दल नाई ना वं हे?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बँकेत गेले होते तेव्हा दोन माणसं घरी येऊन गेली. परत आले तर बाबा घरापुढच्या छपरीत उभेच होते. "दोन मानसं येऊन गेली," ते म्हणाले.

"कोन होते?" मी विचारलं.

"एक आपल्या गल्लीतला. दुसरा नाई माहीत," बाबा म्हणाले. "इचारत होते, पोरगी काय काम करते, पैसा कोन देते."

"मग तुमी काय सांगतलं?"

"मले काय मालूम? मी म्हनलो, कंप्युटर शिकवते." मग त्यांनी विचारलं, "तू कोनाशी भांडून राह्यली का वं?"

आत बसून त्यांना सगळं सांगावं लागलं. दोन मशीन असतात, एकीला मालक म्हणतात, दुसरीला गुलाम, आणि तो शब्द काढायचा की नाही यावरून भांडण आहे.

"गुलाम म्हंजे?"

"म्हणजे... विकत घेतलेला माणूस."

"सालदारावानी?"

बाबा माझ्या जन्माआधी एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते, हे मला माहीत होतं. पाडव्याला साल ठरायचं, वर्षभर त्या घरी राबायचं, झोपायचं गोठ्यात. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. "सालदार विकत नाही घेत, बाबा," मी म्हटलं.

"हो, इकत नाई घेत," ते म्हणाले. मग माझ्या जवळ सरकले आणि आवाज एकदम खाली आणला. भर दुपार होती, घरात तिसरं कुणी नव्हतं. "तू मालकाच्या घरच्याईबद्दल तं काई नाई ना लिहिलं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की मालक हा शब्द ऐकल्यावर त्यांच्यापुढे एकच माणूस उभा राहिला होता. तो माणूस मरून पंधरा वर्षं झाली होती.

"नाही बाबा. त्यांचा काही संबंध नाही."

"मी सालाच्या मधातून पळालो होतो," ते म्हणाले. "माह्या मायले ताप होता, जाऊ देत नोता. मंग तसाच निंगालो. मांगं मानसं धाडली त्यानं. दोन दिवस सागाच्या जंगलात बसून होतो, पान्यापावसाचा. वाघ फिरते तिथी, पन वाघाचं ध्यानातच नाई आलं. मालकाचा आवाज येते का, हेच आयकत होतो."

"सापडलात?"

"सापडलो." त्यांनी उठून दार लावलं, कडी घातली, पुन्हा एकदा ओढून पाहिली.

मी आतल्या खोलीत गेले आणि लॅपटॉप उघडला. त्या दुपारी मी प्रोग्राममधला प्रत्येक मास्टर आणि प्रत्येक स्लेव्ह काढून टाकला. त्यांच्या जागी मुख्य आणि प्रत या अर्थाचे इंग्रजी शब्द घातले. बाबांसाठी काढला, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. कडी ओढण्याचा तो आवाज माझ्या डोक्यात होता आणि हे सगळं लवकर मिटावं, एवढंच मला हवं होतं. जे आठवडाभर तपासून करायचं ते मी चार तासांत केलं आणि नेटवर सोडलं; वापरणाऱ्यांच्या मशीन नवा प्रोग्राम आपोआप उतरवून घेतात. म्हाताऱ्या प्रोग्रामरचं म्हणणं मला आठवलं होतं. तरीही मी तपासलं नाही.

पानावर शांतता झाली. काहींनी आभार मानले, काही शिव्या देऊन निघून गेले. फाउंडेशनच्या बाईंनी छान पत्र पाठवलं. मला झोप लागू लागली.

साधारण दीड आठवड्यानं जिवतीच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. त्या वयानं मोठ्या आहेत, तिथंच राहतात, आवाज कधी चढवत नाहीत. "बाई, कचेरीत आमची यादी जाऊन नाई राह्यली वाटते," त्या म्हणाल्या. "सोमवारी गाडी नाई आली. त्याच्या आधीच्या सोमवारीबी नाई. मले वाटलं गाडी बिघडली. आज कचेरीत फोन लावला, तं ते म्हनतात, यादी कोरी हाय."

नोंदींमधून तपासणीला जायच्या बायांची यादी निघते; तिच्यावरून दर सोमवारी चंद्रपूरहून गाडी येते आणि त्यांना घेऊन जाते. सिस्टर बोलत होत्या तेव्हाच मला कळलं होतं काय झालं असेल. कचेरीतल्या मशीनच्या सेटिंगच्या फाईलमध्ये जुनाच शब्द होता, स्लेव्ह. नव्या प्रोग्रामला तो ओळखू येत नव्हता. त्यानं तक्रारही केली नाही, नुसता गप्प बसला.

"यादीत कोण होतं?"

"सहा जणी. पाच जणी ठीक हाय, मी पाहून आली. एक रक्ताच्या आजाराची, सिकलसेलची हाय, सातवा महिना. तिले रक्त चढवाचं होतं. तिच्या पाड्यावर फोन लागत नाई. मानूस धाडला हाय."

कचेरीतल्या माणसाला फोनवर सांगून मी तो एक शब्द बदलून घेतला. पाच मिनिटांत नोंदी उतरल्या. पाच मिनिटांचं काम. मग मी मिळेल त्या गाडीनं जिवतीला निघाले. जाऊन काही करता येण्यासारखं नव्हतं, पण घरी बसवेना. घाटात गाडी वळणं घेत होती आणि मी मनात त्या बाईचा चेहरा बनवत होते. कधी पाहिलं नव्हतं तिला. नाव माझ्याच प्रोग्राममधून किती वेळा गेलं असेल. ती गाठोडं घेऊन रस्त्यावर बसली असेल, ऊन चढलं असेल, मग घरी परत गेली असेल. दोनदा. तिला काही झालं असलं तर मी कुणाला काय सांगणार होते, की शब्द वाईट होता म्हणून काढला?

दवाखान्यात सिस्टरनी मला पाणी दिलं. "बसा," म्हणाल्या, आणि त्यांच्या कामाला लागल्या. मी व्हरांड्यात बाकावर बसले. एक तास गेला, दुसरा गेला. फाटकापाशी कुणी दिसलं की मी उभी राहायची. शेवटी एक मोटरसायकल चढ चढून आली. पुढे नवरा, मागे ती, मधे ब्लँकेटची घडी. उतरताना तिनं सिस्टरचा हात धरला. डोळे पिवळे पडले होते, पाय सुजले होते, पण चालत आली.

"गाडी काऊन नाई आली?" तिनं सिस्टरला विचारलं. राग होता, दमही लागला होता.

मी पुढे झाले. "माझी चूक झाली. कंप्युटरचं काम माझ्याकडे आहे. तुमचं नाव कचेरीत पोचलं नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग आता पोचलं का?"

"पोचलं. गाडी निघाली आहे."

"बरं," ती म्हणाली आणि आत जाऊन खाटेवर आडवी झाली. एवढंच. मला कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. मी फाटकाबाहेर जाऊन पळसाखाली उभी राहिले. गाडी आली, तिला घेऊन गेली, तरी मी तिथंच उभी होते.

तिची प्रसूती पुढे चंद्रपूरला झाली. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असं सिस्टरनी कळवलं.

घरी आल्यावर मी प्रोग्राम पुन्हा उघडला. जुन्या फाईलमध्ये जुना शब्द असला तरी तो ओळखून काम चालू ठेवायचं, आणि काही कळलं नाही तर गप्प न बसता मोठ्यानं सांगायचं, असं केलं. या वेळी दोन आठवडे तपासलं. मग पानावर सगळं लिहिलं. शब्द काढला ते बरोबर केलं. ज्या घाईनं काढला ती चूक होती, आणि घाई मी भिऊन केली. एका बाईला त्यापायी आठवड्याहून जास्त रक्ताविना राहावं लागलं. पाठवायचं बटण दाबताना वाटलं, आता दोन्हीकडचे तुटून पडतील. फारसं कुणी बोललं नाही. म्हाताऱ्या प्रोग्रामरनं जुन्या फाईली तपासणारा एक छोटा प्रोग्राम लिहून पाठवला. सोबत एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

फाउंडेशननं पुढच्या वर्षी निधी दिला नाही. आमचा भर आता वेगळ्या कामांवर आहे, एवढंच पत्रात होतं. ते त्या पानामुळे की आणखी कशामुळे, मी विचारलं नाही. आता सकाळी मी तालुक्यात कंप्युटरचे वर्ग घेते आणि दुपारी प्रकल्पाचं काम करते, विनामानधन. ती दोन माणसं परत आली नाहीत. ती कोण होती ते आजही माहीत नाही, आणि गल्लीतला तो माणूस समोरून आला की मी बाजूच्या दुकानात शिरते.

या आठवड्यात एका बेटावरच्या शाळेनं लिहिलंय की बॅटरी संपली की नोंदी अर्ध्यावर राहतात. मी उत्तर लिहून ठेवलं आहे. उद्या पुन्हा एकदा वाचेन, मग पाठवेन.