सासऱ्यांची बाटली

माझे सासरे चोरून दारू पितात, असं मी ठरवून टाकलं तेव्हा मुंबईत दारूबंदी होती आणि माझी सरकारी नोकरी कच्ची होती.

सासरे म्हणजे अण्णा. मालवणहून अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांत महिनाभर राहायला आले होते. माणूस गोड बोलणारा, सकाळी गंध लावल्याशिवाय चहा न घेणारा. (इथेच मला पहिला संशय आला. इतका सज्जन माणूस काहीतरी लपवत असणारच!) मागच्या दारी भाजीवाला आला की माझी बायको कुसुम उठायच्या आत अण्णा धावायचे. एकदा दाढी करताना खिडकीतून त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"आलं?" अण्णांनी हळूच विचारलं.

"आलं. पण थोडंच आहे. गुपचूप घ्या, बाकीच्यांना पुरायचं नाही."

वस्तरा गालावरच थांबला. माल आला होता, आणि तोही भाजीच्या टोपलीतून! साकीनाक्याकडच्या झाडीत भट्ट्या लागतात, असं ऐकून होतो. ती गंगा माझ्या मागच्या दारापर्यंत पोचली असेल, याची कल्पना नव्हती.

मी पाळत ठेवली. जेवणाआधी अण्णा ट्रंकेतून पंच्यात गुंडाळलेली बाटली काढायचे, वाटीत थोडं ओतायचे आणि वर पाणी घालायचे. (पाणी घालून! म्हणजे चांगलेच सरावलेले!) मग डोळे मिटून घोट घ्यायचे, "हाऽऽ" करायचे आणि दुप्पट जेवायचे. कुसुमला विचारलं, तर ती म्हणाली, ते त्यांचं पोटाचं औषध आहे. झालं! त्या काळी मुंबईतले सगळे पिणारे औषधच घेत होते.

माझी झोप उडाली ती आमच्या सबनीससाहेबांमुळे. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे त्यांच्या हातात होतं. दारूचा त्यांना इतका तिटकारा, की कारकुनाने 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी ते आधी वास घेत. पार्ल्याला राहायचे, आणि रविवारी फिरत फिरत चहाला येतो म्हणाले होते.

रविवारी अण्णा देवळात गेलेले पाहून मी बाटली काढली. मोरीत ओतणारच होतो, पण नुसत्या संशयावर सासऱ्यांना गुन्हेगार ठरवणं मनाला पटेना. खात्री करायला मी एक मोठा घोट घेतला. बिनपाण्याचा!

घशात वणवा पेटला. डोळे लाल झाले, आवाज बसला. एका हातात बाटली, दुसऱ्याने भिंत धरलेली, असा झोकांड्या खात मी माठाकडे निघालो, तर दारात सबनीससाहेब. 'या' म्हणायला तोंड उघडलं, पण नुसतंच "हाऽऽ" बाहेर पडलं. साहेबांनी वास घेतला.

"कधीपासून हे?" त्यांनी थंडपणे विचारलं.

मी बाटलीकडे आणि अण्णांच्या ट्रंकेकडे आळीपाळीने बोट दाखवत राहिलो. तेवढ्यात त्यांच्या मागून अण्णाच आत आले.

"अरे देवा! जावयबापू, आल्याचो अर्क असोच पिलात? तो पाणी घालून चमचोभर घेवचो आसता!"

आलं! चहात घालतात ते आलं! भाजीवाल्याकडे 'आलं' होतं ते आलं! मला भरून आलं, पण साहेबांचे डोळे आणखी बारीक झाले. औषधाच्या दुकानातून आल्याचं टिंक्चर आणून झिंगणारे लोक त्यांना चांगलेच ठाऊक होते. म्हणजे खरं काय ते कळल्यावर माझी जास्तच वाट लागली.

अण्णांच्या गावीही हे नव्हतं. आलं किसून पिळायचं, तळाशी बसलेला पांढरा साका टाकायचा, वरच्या रसात लिंबू आणि सैंधव घालायचं, वायूला उत्तम, असं सांगत त्यांनी साहेबांपुढे वाटी धरलीसुद्धा. साहेबांनी वास घेतला, जीभ लावली, वाटी संपवली आणि एक मोठी, समाधानी ढेकर दिली.

"मघाशी ट्रंकेकडे बोट दाखवत होतात, म्हणजे याला तुम्ही दारू समजलात?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"म्हणजे दारू तुम्ही जन्मात चाखलेली नाही."

मी मान जोरजोरात हलवली.

महिन्याभरात मी कायम झालो. साहेबांचा शेरा होता: 'पूर्ण निर्व्यसनी. साध्या गोष्टी समजत नाहीत, पण कारकुनाला त्याची गरज नाही.' सासरवाडीने मला त्याच शेऱ्यावर कायम करून घेतलं.