पांढऱ्या खुंटाशी अडवलेला चेंडू

जर्सी सिटीहून निघताना गौरीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, मला एकच अट घातली होती. सईसमोर काळजी करायची नाही. मी अट मान्य केली आणि भुयारी रस्ता संपून मॅनहॅटनचा उजेड दिसायच्या आत मोडली. टोपी घेतलीस का, असं सईला विचारलं. मग पाण्याची बाटली, मग हातमोजा. मागच्या सीटवर कानात बोंडं घालून बसलेली माझी नात प्रत्येक वेळी "येस, आजोबा" एवढंच म्हणत होती. गौरीनं माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

आम्ही लाँग आयलंडच्या पार पूर्व टोकाला निघालो होतो. तिथल्या एका जुन्या गोल्फ मैदानावर मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता फेरी होती. सई लहानपणापासून या एका गोष्टीसाठी घाम गाळते आहे, आणि वयोगटाच्या नियमानं हे तिचं शेवटचं वर्ष. आता नाही तर कधीच नाही. मी नागपूरचा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. गोल्फ मला टीव्हीवरही कधी कळला नाही. क्रिकेट मात्र खात्याच्या संघातून पुष्कळ खेळलो. फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही बेताचीच असल्यामुळे कर्णधार मला कायम सीमारेषेवर उभा करायचा. ही, म्हणजे माझी बायको, गुडघ्यांमुळे गौरीच्या घरीच थांबली होती. दशम्यांचा डबा देताना, तिथे मध्ये मध्ये करू नका, असं तिनं मला बजावलं होतं.

हे बेट संपता संपत नाही. आधी दुकानांच्या रांगा लागल्या, मग खुरटी पाइनची झाडं, मग चक्क बटाट्याची शेतं आणि द्राक्षांचे मळे. एका शेताच्या कडेला टेबलावर स्ट्रॉबेरी मांडून ठेवल्या होत्या आणि शेजारी पैसे टाकायला डबा होता. राखणीला कोणीच नाही. गौरीनं पैसे टाकले, टोपली उचलली आणि निघालीसुद्धा. आपल्याला कोणी चोर तर समजणार नाही ना, या धास्तीनं मी गाडी लांब जाईपर्यंत मागे वळून पाहत होतो. स्ट्रॉबेरी मात्र अशा गोड होत्या, की दशम्या तशाच राहिल्या.

मैदान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी निराशाच झाली. माझ्या डोक्यात हिरवागार गालिचा होता. इथे आपल्या माळरानासारखी उघडीबोडकी जमीन, तिच्यावर चढउतार, आणि कडेनं फेस्क्यू (गुडघाभर वाढणारं, पिकल्या गव्हाच्या रंगाचं गवत). झाड औषधाला नाही. जवळच्या समुद्रावरून वारा असा सुटला होता, की माझी टोपी दोनदा उडाली. अशा मैदानाला लिंक्स म्हणतात (समुद्राकाठच्या वाळूवरचं, वाऱ्याच्या स्वाधीन असलेलं मैदान). सई गाडीतून उतरली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

ती सरावाला गेली आणि आम्हाला वॉल्टर भेटला. गवती हॅट घातलेला हा म्हातारा इथे हौसेनं पाहुण्यांना माहिती देतो. क्लबच्या इमारतीत एक बोळ आहे आणि त्याच्या दोन्ही भिंतींवर इथे झालेल्या मोठ्या स्पर्धांची छायाचित्रं आहेत. देशातली सर्वांत मानाची स्पर्धा इथे पहिल्यांदा झाली ती एकोणिसाव्या शतकात. त्या वेळी एक कृष्णवर्णीय पोरगा आणि इथल्या मूळ आदिवासी जमातीतला एक जण खेळायला उतरले. हे मैदान तयार करण्यात त्या जमातीच्या माणसांचे हात राबले होते. बाकीचे खेळाडू म्हणाले, हे दोघं खेळणार असतील तर आम्ही नाही. स्पर्धेच्या अध्यक्षांनी उत्तर दिलं, ठीक आहे, मग या दोघांतच स्पर्धा होईल. सगळे मुकाट्यानं खेळले, असं सांगून वॉल्टर हसला.

त्यानंतर कित्येक दशकं ती स्पर्धा इकडे फिरकली नाही. परत आली, तेव्हा वाऱ्यानं भल्याभल्यांना रडवलं. एका वर्षी तर गवत वाळून जमीन इतकी टणक झाली, की छिद्राजवळ चेंडू ठरेना आणि खेळ चालू असतानाच मध्ये मध्ये पाणी मारावं लागलं. आणखी एका वर्षी एक नामवंत खेळाडू घरंगळत जाणाऱ्या आपल्याच चेंडूमागे धावला आणि चालत्या चेंडूलाच त्यानं टोला दिला. मला फार हसू आलं. एवढा मोठा माणूस, चेंडू थांबेपर्यंत दम धरवेना? वॉल्टर म्हणाला, दंड झालाच, पण या खेळात पंच प्रत्येकामागे फिरत नसतो, बहुतेक वेळा खेळाडूच स्वतःवर दंड लावून घेतो. मला ते खरं वाटेना. आमच्याकडे बॅटची कड लागली तरी पंचानं बोट वर करेपर्यंत फलंदाज आभाळाकडे पाहत उभा राहतो.

रात्री मोटेलात सई एक दशमी खाऊन झोपली. सकाळी तिनं तेवढंही खाल्लं नाही, पण मी गौरीची अट आठवून गप्प बसलो.

खेळ सुरू झाला आणि माझा जीव टांगणीला लागला. या खेळात प्रेक्षकानं बोलायचं नाही, हलायचं नाही, टाळीसुद्धा चेंडू थांबल्यावर वाजवायची. मी खिशातल्या वेलदोड्यांवर वेळ काढत होतो. सई सुरेख खेळत होती. वारा डावीकडून आला की ती चेंडू डावीकडेच मारायची आणि वाराच तो ओढून मध्ये आणायचा. चेंडू छिद्रात गेला की दर वेळी गौरी हळूच सांगायची, अजून पात्र ठरणाऱ्यांच्या यादीत आहे, बाबा. अशी निम्म्याहून जास्त फेरी झाली. सारखं आनंदाच्या काठावर उभं राहणं मला सोसत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं माझं चालू होतं.

शेवटाकडच्या एका टप्प्यावर पाय दुखायला लागले म्हणून मी दोघींना मागे सोडून जवळच्या वाटेनं पुढे गेलो. तिथे एक उतार खाली येत होता. उताराच्या पायथ्याशी मैदानाची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंटांची रांग होती आणि तिच्यापलीकडे रस्ता. मी एका खुंटाशी उभा राहिलो. का, ते आज कळतं. आयुष्यभर मी अशाच जागी उभा राहत आलो होतो.

चढापलीकडून सईनं मारलेला चेंडू आला. वाऱ्यानं त्याला भलतीकडे फेकलं होतं. टणक उतारावर आपटून तो सरळ माझ्या रोखानं घरंगळत निघाला. मी काहीच विचार केला नाही. गुडघा वाकवला, पाय आडवा टाकला आणि चेंडू अडवला. बुटाच्या कडेवर सणकन लागलं. चार धावा वाचवल्या, असं मनात आलंसुद्धा, आणि मान वर करून मी शाबासकीची वाट पाहू लागलो.

चढावर गौरी दोन्ही हात डोक्याला लावून उभी होती.

छोट्या गाडीतून नियमांचं काम पाहणाऱ्या एक बाई आल्या. रागावल्या नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. त्यांनी सईला सावकाश समजावलं ते मलाही कळलं. प्रेक्षकानं मुद्दाम अडवलेला चेंडू होता तिथून खेळता येत नाही. तो न अडवता कुठे थांबला असता, याचा अंदाज खेळाडूनं करायचा. खुंटांच्या आत थांबला असता तर दंड नाही. बाहेर गेला असता तर एक फटका दंड आणि मागे जाऊन पुन्हा मारायचं. सईबरोबरच्या दोन्ही मुलींनी काही पाहिलं नव्हतं. गौरीला वरून माझा आडवा पाय तेवढा दिसला होता. चेंडूजवळ होतो फक्त मी.

सई माझ्याजवळ आली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"आजोबा, मला वरून दिसलं नाही. थांबला असता का? ऑर वॉज इट गोइंग आउट?"

'सांगता येत नाही' हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. ते धड खोटंही ठरलं नसतं. पण पायाला कळलेलं असतं. कुठला चेंडू दमून आलाय आणि कुठला अजून पळणार आहे, हे सीमारेषेवरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"गेला असता," मी म्हणालो. "रस्त्यापर्यंत गेला असता."

सईनं मान हलवली, बाईंना दंड सांगितला आणि पाठ फिरवून उतार चढू लागली. मला तिथल्या वाळूत स्वतःला पुरून घ्यावंसं वाटलं.

संध्याकाळी फलकावर तिचं नाव पात्र ठरलेल्यांच्या रेषेच्या खाली होतं. किती खाली, ते मी पाहिलं नाही. गौरीनं पाहिलं आणि मला सांगितलं नाही. वॉल्टरनं हॅट काढून सईशी हस्तांदोलन केलं, मग माझ्याशीही केलं. ते मला नको होतं.

परतीच्या वाटेला लागलो. शेतं गेली, पाइनची झाडं गेली, दुकानं सुरू झाली. शेवटी मला राहवेना.

"सई, माझ्यामुळे झालं हे."

"हो," ती म्हणाली. "पाय घालायला नको होता, आजोबा. आय वॉज सो मॅड."

गौरीनं माझी सुटका केली नाही. बऱ्याच वेळानं मागून सईचाच आवाज आला. "पण तुम्ही लगेच सांगितलंत. तुम्ही 'डोन्ट नो' म्हणाला असतात ना, देन इट्स माय कॉल. मला ठरवावं लागलं असतं. अँड आय वुड हॅव सेड, आत थांबला असता."

"तुला दिसलंच नव्हतं, बेटा. मग त्यात खोटं काय?"

"दिसलं नव्हतं. पण मारल्या मारल्या हातात कळतं, आजोबा. मला माहीत होतं."

मी मागे वळलो नाही. चेंडू अडवल्यापासून मला माझीच भीती वाटत होती, की या पोरीचं मी किती नुकसान केलं. आणि उतार उतरून माझ्याकडे येताना ती स्वतःला घाबरलेली होती. गौरीनं गाडीचा वेग थोडा कमी केला, एवढंच मला आठवतं.

नागपूरला परतल्यावर शेजारीपाजारी विचारतात, नात जिंकली का? मी सांगतो, नाही, माझा पाय मध्ये आला. ते हसतात, मीही हसतो, आणि गोष्ट तिथेच संपते. गाडीतलं बोलणं मी हिलासुद्धा सांगितलं नव्हतं. हे लिहायला घेतलं तेव्हा मात्र ते टाळून पुढे जाता येईना. म्हणून सईला फोन केला आणि विचारलं, तू म्हणालीस ते लिहू का?

ती म्हणाली, "लिहा, आजोबा. पण जसं झालं तसंच लिहा. मी चांगली आहे असं लिहू नका."