पुस्तकांचा ट्रेलर

काळजी करण्यात माझ्या मेहुण्याचा हात धरील असा माणूस बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मेहुणा आधी त्याचीच काळजी करत बसेल. माझ्या बायकोचा हा थोरला भाऊ. लग्नानंतर वर्षभर मी त्याला अहो-जाहो केलं, मग तो दादा झाला आणि अरे-तुरेवर आला. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तो जवळजवळ प्रत्येक फोटोत मंडपाच्या एका खांबाला घट्ट धरून उभा आहे. बहीण सासरी चालली म्हणून बिचाऱ्याला गहिवरून आलंय, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. एकदा विचारलं तर म्हणाला, "छे रे, तो खांब हलत होता." घरातून निघताना तो कुलपाला लोंबकळून बघतो, मग कुलपाचा फोटो काढतो आणि रिक्षात बसल्यावर तो फोटो मोठा करून तपासतो. कुकरची दुसरी शिट्टी झाली की जिन्यात जाऊन उभा राहतो आणि तिथून वहिनीला ओरडतो, "अगं, तू पण बाहेर ये ना!" नोकरीत तो विजेचे मीटर तपासायचा. मीटर बघायला म्हणून लोकांच्या घरी जायचा आणि येताना गॅसची नळी, गॅलरीतल्या कुंड्या, पाळण्याच्या कड्या सगळं हलवून बघून यायचा. मालाडच्या एका बाईंनी त्याला सांगितलं होतं, "मीटर राहू द्या हो, आधी आमचा पंखा बघा, आवाज करतोय." त्या पंख्यापायी दादाला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तर अशा या माणसानं निवृत्त झाल्यावर काय करावं? आपल्या इवल्याशा गाडीला मागून ट्रेलर जोडायचं ठरवलं! यामागे आई होत्या. आई म्हणजे दादाची आई, माझ्या सासूबाई. साताऱ्याकडच्या. मुलुंडच्या वसाहतीत धाकट्या मुलाकडे राहायच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा अक्षर येत नव्हतं, चाळिशीत विहारातल्या वर्गात लिहायला-वाचायला शिकल्या आणि जयंतीला लागणाऱ्या पुस्तकांच्या स्टॉलवरून दर वर्षी दोन पुस्तकं घरी आणून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या. दादाच्या निरोप समारंभाला त्या म्हणाल्या, "आता तू रिकामाच हाईस. माझ्या वयाच्या बायांना स्टॉलपतूर चालवत न्हाई. स्टॉलच दारात आण की." झालं. दादानं घाटकोपरच्या एका वेल्डरकडून बंद पेटीसारखा छोटा ट्रेलर करून घेतला, आत फळ्या, मागच्या अंगाला दार. कागदपत्रं, परवानग्या, नंबर या सगळ्यासाठी सहा महिने खेटे घातले. जयंतीच्या सकाळी हे फिरतं वाचनालय मुलुंडला आईंच्या दारात उभं करायचं आणि त्यांच्या हातून उघडायचं, असं ठरलं.

त्या सहा महिन्यांत दादानं आम्हां सगळ्यांना जो ताप दिला, तो विचारू नका. ट्रेलर ओढणं म्हणजे नुसतं मागे बांधून निघणं नव्हे, हे मला त्यानं इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही सांगेन. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरचं तोंड बसतं. ते निसटलंच, तर धरून ठेवायला खाली दोन साखळ्या, त्याही एकमेकींना कैचीसारख्या ओलांडून. ट्रेलरमध्ये पुढे जड, मागे हलकं. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा त्या गोळ्यावर पडला पाहिजे. तो मोजायला त्यानं वहिनीचा वजनकाटा उचलला. वहिनी तेव्हा डाएट करत होती. ती सकाळी उठून काटा शोधतेय आणि हा खाली पार्किंगमध्ये ट्रेलरचं नाक काट्यावर टेकवून वर ओरडतोय, "अजून तीन किलो कमी करायला हवं!" अख्ख्या सोसायटीनं ते ऐकलं. वहिनी त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. मागचं दिसावं म्हणून त्यानं गाडीला दोन्ही बाजूंनी लांब दांड्यांचे आरसे लावले. रिव्हर्स घेताना ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे वळवावं लागतं, हे तो आमच्या जेवणाच्या टेबलावर काडेपेटी आणि लोणच्याचा चमचा घेऊन तासन्‌तास घोटायचा. ते त्याच्या अंगात इतकं भिनलं की रिक्षावाल्याला "डावीकडे घे" म्हणून हात उजवीकडे दाखवायला लागला. मी जाम चेष्टा केली. "दादा, रॉकेट सोडतोयस का रे?" म्हटलं. तो म्हणाला, "रॉकेट वर जातं. हे माणसांमधून जाणार आहे."

जयंतीच्या दिवशी सकाळी सातला आम्ही दोघं बोरिवलीहून निघालो. दादानं पांढराशुभ्र शर्ट घातला होता आणि त्याला काखेत आत्ताच घाम आला होता. पेट्या आदल्या दिवशीच त्यानं वजन करून लावल्या होत्या, प्रत्येकीवर खडूनं आकडा. गल्लीच्या तोंडाशी विहारापाशी पाच मिनिटं थांबायचं होतं, वंदनेपुरतं. तिथेच घोळ झाला. पुस्तकांची गाडी निघालीय म्हटल्यावर आमची माणसं रिकाम्या हातानं जयभीम घालून कशी परत जातील? कुणी मुलाची जुनी पाठ्यपुस्तकं आणली, कुणी वडिलांच्या संग्रहातले ग्रंथ, एका आजींनी फडक्यात बांधून स्वतःचं एकुलतं पुस्तक आणलं. पुस्तक देणाऱ्याला नाही म्हणायचं नाही आणि त्याच्यासमोर ते बाजूला ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीतच आहे. दादा प्रत्येकाला हात जोडत होता, आणि प्रत्येक गठ्ठ्यासाठी पुढची एक पेटी मागे, मागची एक पुढे असं करत घामाघूम होत होता. शेवटी त्याला आत वंदनेला बोलावलं. तेवढ्यात वर्गणी काढून घेतलेली दोन मोठी खोकी घेऊन मंडळाची पोरं आली. जाडजूड ग्रंथ, एकेक खोकं उचलायला दोघं. मी घड्याळ बघितलं. आता हा बाहेर येणार, परत सगळं उतरवणार, परत काटा काढणार, आणि आई तिकडे ताटकळत बसणार. मी म्हटलं, "राहू दे रे, दोन खोक्यांनी काय होतंय?" आणि ती दाराच्या लगेच आत, अगदी मागे, सरकवून दार लावून टाकलं. दादा बाहेर आला, कडी तीनदा ओढून बघितली, साखळ्या बघितल्या, दिवे बघितले. दार उघडून मात्र बघितलं नाही. "मी नीट लावलंय सगळं," असं मीच त्याला सांगितलं होतं.

हायवेवर सगळं ठीक होतं. हळू जात होतो, मागचे हॉर्न मारत होते, दादा प्रत्येक हॉर्नला "सॉरी, सॉरी" म्हणत होता. पवई मागे पडली आणि उतार लागला. आधी मला वाटलं वारा आहे. मग गाडीचं ढुंगण कुणीतरी हातानं डावीकडे-उजवीकडे ढकलतंय असं वाटायला लागलं. आरशात बघितलं तर ट्रेलर एकदा या बाजूच्या आरशात दिसतोय, एकदा त्या. आमच्या शेजारी एक मोटरसायकल होती, नवरा-बायको आणि मध्ये छोटी मुलगी, नवा फ्रॉक घातलेली. माझी पाचावर धारण बसली. मी ओरडलो, "दादा, ब्रेक मार! ब्रेक!"

"ओरडू नकोस," दादा म्हणाला. मी त्याचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. कुकरला घाबरणारा माणूस! त्यानं ब्रेकला पाय लावला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि धरूनच ठेवलं. ट्रेलर अजून दोनदा झुलला, मग एकदा थोडासा, मग गाडीमागे गुमान सरळ चालायला लागला. मोटरसायकलवाला केव्हाच मागे राहिला होता. दादानं सिग्नल देऊन कडेला गाडी घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग तो इतक्या वेळा ओढून बघत बसला की मला किल्ली फिरवून इंजिन बंद करावं लागलं.

मागे जाऊन त्यानं दार उघडलं. ती दोन खोकी समोरच होती. मी म्हटलं, "दादा, मी ठेवली. चुकलं माझं." मला वाटलं आता हा फाडून खातो मला. त्यानं एका खोक्याला हात घातला आणि दुसरी बाजू मला धरायला दाखवली. आम्ही दोघांनी तिथे गुडघे टेकून अर्ध्या पेट्या खाली उतरवल्या, खोकी पुढे सरकवली, काटा काढून नाकाचं वजन घेतलं. ते करता करता तो सांगायला लागला. त्याचे वडील हातगाडी ओढायचे. घाटकोपरला जयंतीच्या स्टॉलची पुस्तकं दर वर्षी तेच न्यायचे. एका वर्षी निघता निघता कुणीतरी एक मोठा गठ्ठा गाडीच्या पार मागच्या टोकाला ठेवला. वस्तीच्या चढावर मागचं वजन खाली बसलं, पुढच्या दांड्या वर गेल्या, दांड्यांबरोबर बाबा वर गेले आणि खाली आले ते मांडी मोडूनच. पुन्हा त्यांनी गाडी ओढली नाही. दादा तेव्हा दहा वर्षांचा, गाडीच्या बाजूनं चालत होता.

"गठ्ठा कुणी ठेवला होता?" मी विचारलं.

"आईनं," तो म्हणाला. "तिला मी सांगितलं, गठ्ठे बांधलेली दोरी तुटली. आजवर तेच सांगतोय. आज वाटेत झालं त्यातलं अक्षर बोलू नकोस तिथे. तुला शपथ आहे."

मुलुंडला पोचायला तासभर उशीर झाला. आई खुर्ची टाकून वसाहतीच्या तोंडाशीच बसल्या होत्या, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून. "नीट आला न्हवं?" त्यांनी विचारलं. आणि जो माणूस डास चावला तरी घरभर बातमी करतो, तो हसून म्हणाला, "एकदम झकास, आई. ट्रॅफिक होता." त्यांनी फीत कापली, दार उघडलं, बायकांची झुंबड उडाली. दादा चाकांमागे विटा लावायला गेला तेव्हा आईंनी मला हातानं जवळ बोलावलं.

"जावईबापू, तुमच्या गुडघ्याला माती हाय. त्याच्या बी हाय. सामान हलवलंत वाटेत."

मी गुडघे झटकले. दुसरं काय करणार?

"तुम्हाला दोरीचं सांगितलं असंल त्यानं. दोरी घरी आली हुती. अख्खी. पुढं दोन वर्सं तिच्यावर मी कापडं वाळत घातली." त्या दादाकडे बघत होत्या. तो चौथी वीट लावून चाक ढकलून बघत होता. "त्याला काय बोलू नका. उगा काळजी करत बसंल."

आई मागच्या हिवाळ्यात गेल्या. ट्रेलर दर रविवारी निघतो, आता मी न चुकता सोबत असतो आणि खोकी उचलायच्या आधी दादाला विचारतो. परवा पेट्या लावताना तो एकदम म्हणाला, "बरं झालं रे, आईला शेवटपर्यंत कळलं नाही." मी म्हटलं, "हो ना." पण माझा आवाज जरा कसातरी आला असावा, कारण हातातली पेटी खाली ठेवून तो माझ्याकडे बघायला लागला आणि म्हणाला, "काय रे? छातीत दुखतंय का? बस, बस आधी खाली."