फेसकाकूंचं नाक

गॅसच्या टाक्या विकणाऱ्या काकूंचं तोंड फटकळ आणि हातात सदा साबणाच्या पाण्याचा ब्रश, म्हणून सगळे त्यांना फेसकाकू म्हणत.

एका सकाळी एक निवृत्त मास्तर बायकोसह कॅम्परव्हॅन घेऊन दुकानाशी आले. आत पलंग, शेगडी, चाकांवरचा अख्खा संसार. लांबच्या सफरीसाठी त्यांना सगळ्यात मोठी टाकी हवी होती. काकूंनी गाडीतला टाकीचा कप्पा टेपने मोजला. "बसेल, पण दार लागणार नाही. शिवाय उचलणार कोण, तुमची कंबर?" मास्तरांनी दोन लहान टाक्या घेतल्या.

रेग्युलेटरपाशी मात्र ते अडून बसले. "जुना ठणठणीत आहे. बारा वर्षांत कधी वास आला नाही."

काकूंनी वाद घातला नाही. दुकानाबाहेरच तो जुना रेग्युलेटर नव्या टाकीवर बसवला, चावी उघडली आणि जोडावर ब्रशने फेस फासला. लगेच बुडबुडे फुगायला लागले.

मास्तरांनी वाकून हुंगलं. "वास तर येत नाही."

"मला महिनाभर येतोय," बायको म्हणाली. "यांना सांगितलं, तर म्हणे तुझ्या मनाचे खेळ."

मास्तर काकूंकडे वळले. "तुम्ही खरं सांगा. तुम्हाला येतोय?"

"छे," चावी बंद करत काकू म्हणाल्या. "वीस वर्षांपूर्वी एका तापात माझं नाक कामातून गेलं, तेव्हापासून हा ब्रश धरलाय. तुमच्याकडे तर घरातच धड नाक होतं."