गाडीपुरता पिक्चर

माझी सून म्हणते, "आई, तुम्ही टीव्ही पाहत नाही, टीव्हीशी भांडता."

आता भांडू नको तर काय करू? परवा एका सिरीयलमध्ये कापसाचं शेत दाखवलं. नायिका वेचायला आली ती हातभर बांगड्या आणि लांब रंगवलेली नखं घेऊन. बोंडातला कापूस अशी काढत होती, जशी फुलदाणीतून फूल उचलते. वाळल्या बोंडाची टोकं कशी टोचतात, नखाशेजारची कातडी कशी सोलून निघते, हे त्या बाईला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिथल्या तिथे म्हटलं, "अव बाई, बोटं तर पाह्य तुही!" स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "तिला ऐकू येत नाही आई."

दुसरं एक. आमच्यासारखं बोलणारा माणूस पडद्यावर आला, की समजून घ्यायचं, हा घरगडी असणार, नाहीतर लोकांना हसवायला ठेवलेला. 'मले-तुले' म्हणणारी डॉक्टरीण मी कोणत्या मालिकेत अजून पाहिली नाही. इथे वर्ध्याजवळ सिंदी मेघेत आमच्या गल्लीत मात्र एक राहते, तिनंच माझे गुडघे तपासले.

असंही नाही की मला काहीच आवडत नाही. चोर पकडायची मालिका मी कामधाम सोडून पाहते. चोर कोण ते मला अर्ध्यातच कळतं. सगळ्यांना न मागता पाणी आणून देतो ना, तो. पण मी मुलाला आधी सांगते आणि तो चिडतो.

शेवटाबद्दल तर माझी मतं फार पक्की आहेत. आणि गंमत पाहा, केस पांढरे होईपर्यंत मी टॉकीजमध्ये बसून एकाही पिक्चरचा शेवट पाहिला नव्हता.

त्याचं कारण एसटी. माझं सासर समुद्रपूरच्या पलीकडचं खेडं. आमची टॉकीज म्हणजे हिंगणघाटची. दुपारचा खेळ संध्याकाळी सुटायचा आणि गावाकडची शेवटची गाडी तो सुटायच्या थोडी आधी निघायची. मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही दोघी जायचो. घरचे पुरुष काही म्हणत नसत, पण गाडी चुकली तर मात्र म्हणाले असते. म्हणून हाणामारी सुरू झाली, की जाऊबाई पदर खोचायची, पिशवी उचलायची आणि म्हणायची, "चाल व." पडद्यावर नायकाच्या छातीला बंदूक लावलेली आणि आम्ही दोघी अंधारात लोकांच्या पायांवरून बाहेर. आमच्याच नाही, आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांतल्या बायांचं हेच होतं. त्याला आमच्याकडे नावच पडलं होतं, गाडीपुरता पिक्चर.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना तो पिक्चर सांगावा लागे. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, बाया ओळीनं वाकलेल्या, आणि मधल्या ओळीत मी. मधल्या ओळीतून आवाज दोन्हीकडे जातो. गाडीपर्यंतचा पिक्चर जसा पाहिला तसा सांगायची आणि पुढचा माझ्या मनानं. बायांनाही ते माहीत होतं. "आता तुहा सांग," असंच म्हणायच्या. माझ्या शेवटात नायिका शिकायची, नोकरीला लागायची, नवरा दारात येऊन उभा राहायचा आणि ती म्हणायची, बस, चहा घे, पण चप्पल बाहेर काढ.

पलीकडच्या ओळीतून जाऊबाई हमखास टोकायची, "असं नसन झालं. तिनं माफ केलं असन साऱ्याइले."

"काऊन माफ करन?"

"पिक्चरवाले पुरुष हायेत, म्हनून."

हा वाद आमच्यात अनेक हंगाम चालला. निकाल लागला नाही, कारण शेवट दोघींनीही पाहिलेला नव्हता. पुढे माझ्या मुलाला वर्ध्यात नोकरी लागली, आम्ही इकडे आलो. आमचे मालक वारले. घरात टीव्ही आला, टीव्हीवर पिक्चरचे शेवटही दिसू लागले. पण शेजारी 'असं नसन झालं' म्हणणारी कोणी नसली, तर त्या शेवटाचं करायचं काय?

यंदा दिवाळीनंतर जाऊबाईचा फोन आला.

"जयभीम. काय करून राह्यली व?"

"टीव्ही पाहून राह्यली बाई. तुमी?"

"मी चालली पुन्याले. पोट्टा म्हनते, यवढा वेचा झाला का चाल. आता तिथीच राह्यनं हाय. चौदाव्या माळ्यावर घर हाय म्हनते. तिथी कावळा तरी येते का नाई, कोन जाने."

मी टीव्ही बंद केला. म्हटलं, "बाई, जायच्या आधी एक पिक्चर पाहू. टॉकीजमंधी. पुरा."

"पुरा?"

"पुरा."

 मग म्हणाली, "गाडी चुकन ना व."

मी मनात धरलं ते धरलं. पुण्याला गेलेली बाई परत कधी येते? आणि आली तरी एका पिक्चरसाठी तिला कोण सोडणार? मुलगा म्हणाला, "आई, गुडघे पाहा तुमचे. घरी लावून देतो, काकूला इथेच बोलवा. पाहिजे तिथे थांबवताही येतो." मी म्हटलं, "थांबवलेले पिक्चर आम्ही आयुष्यभर पाहिले. मला संपवायचा आहे."  सुनेनं मोबाईलवर तिकिटं काढायला घेतली आणि विचारलं, "कोणता पाहायचा?"

"जो पुरा दाखवतील तो."

ठरला रविवार. सकाळी विहारात वंदना केली आणि स्टँडवर जाऊन उभी राहिले. जाऊबाई उतरली, नवं लुगडं, हातात कापडी पिशवी. दुपारच्या खेळाची तिकिटं होती, वर्ध्यातलीच टॉकीज. दारावरच्या माणसानं पिशवी उघडून पाहिली, तर आत डब्यात भाकर आणि ठेचा.

"आजी, बाहेरचं खायचं आत नेता येत नाही."

"बाहेरचं कुठी हाय? घरचं हाय बापा."

तो हसला, पण डबा ठेवून घेतला. आत खुर्च्या इतक्या मऊ, की जाऊबाई बसली आणि खालीच गेली. "माय व," म्हणाली, "अशानं मानूस पिक्चर पाहन का झोपन?"

आधी जाहिरातीच किती वेळ. मग पिक्चर सुरू झाला. हायवेवर एक ढाबा, आई मरून गेलेली, आता मुलगी एकटी चालवते. दोन भावांना ती जागा विकायची आहे, कोणाला तरी तिथे पेट्रोलपंप टाकायचा आहे. पोरगी हिमतीची. ट्रकवाल्यांना दटावते, पहाटे उठून पीठ मळते. आम्हाला बेहद्द आवडला. जाऊबाईनं फक्त एकदा नाव ठेवलं, "हे चहा ढवळते का पान्यात हात धुते?" मध्यंतरातही आम्ही जागा सोडली नाही, न जाणो.

भाऊ बुलडोझर घेऊन आले. पोरगी ढाब्याच्या दारात उभी राहिली. गाणं थांबलं, सगळी टॉकीज चूप. आणि माझ्या शेजारी पदर खोचल्याचा आवाज.

"चाल व."

"कुठी?"

"गाडी."

"बाई, शेवट राह्यला."

"अव, शेवट पाह्यला तं गाडी नाई मंग." ती उभीच राहिली. पायांनी चपला चाचपत होती. तिला पिक्चर सोडायचा नव्हता, मी तिचं तोंड पाहिलं ना. पण इतक्या वर्षांची सवय, हाणामारी दिसली की पाय आपोआप उठतात. खरं सांगते, माझेही उठलेच होते. मागून कोणी म्हणालं, "बसा ना आजी, दिसत नाही."

मी तिच्या हातातून पिशवी ओढली, माझ्या खुर्चीवर टाकली आणि त्या पिशवीवरच बसले.

"जाऊ द्या गाडीले. आज ते चुकनारच हाय."

"आन् रातच्याले?"

"माह्या घरी राहान. भाकरी टाकतो मी."

"आन् पोट्ट्याचा फोन आला तं?"

"तं सांगजा, पिक्चर संपाचा हाय."

ती बसली. अर्ध्याच खुर्चीवर, पण बसली. माझं मनगट मात्र तिनं इतकं घट्ट धरलं, जशी गाडी आमच्याच अंगावरून जाणार होती.

आणि मग शेवट झाला. काय झालं सांगू? कुठून तरी एक इन्स्पेक्टर आला. अख्ख्या पिक्चरमध्ये तो दोनदा चहा पिऊन गेला होता, एवढंच. त्यानं भावांना झोडपलं. भाऊ रडले. पोरगीही रडली, तिनं त्यांना राखी बांधली आणि ढाब्याची किल्ली काढून थोरल्याच्या हातावर ठेवली. मग शालू नेसून इन्स्पेक्टरच्या सजवलेल्या गाडीत बसली आणि गेली. टॉकीजमध्ये बाया डोळे पुसत होत्या.

मी म्हटलं, "बाई, तुमचंच खरं निघालं. माफ केलं तिनं."

"जळो ते खरं," जाऊबाई म्हणाली. "किल्ली काऊन देल्ली? पीठ हे मळे, आन् किल्ली त्याले?"

दिवे लागले, लोक उठून गेले. पडद्यावर मात्र खालून वर नावं सरकत होती. आम्ही बसूनच राहिलो, आम्हाला वाटलं अजून काही बाकी असेल. कपडे शिवणाऱ्यांची नावं, दिवे धरणाऱ्यांची, गाड्या चालवणाऱ्यांची. मी वाचून दाखवत होते. जेवण पुरवणाऱ्याचंही नाव होतं, ते मला आवडलं. झाडूवाली बाई येऊन आमच्या ओळीशी थांबली. "संपला आजी," म्हणाली.

जाऊबाईनं तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "इतके लोक कामाले होते," म्हणाली, "आन् एकालेबी शेवट सुचला नाई!"

दारावरून डबा घेतला. गाडी तर गेलीच होती. घरी येऊन सुनेला घेऊन आम्ही तिघींनी ती भाकर खाल्ली, आणि जाऊबाई त्या किल्लीवरून झोपेपर्यंत धुसफुसत होती.

सकाळी तिला पोचवायला मीही गावी गेले. शेतात वेचा चालू होता. गुडघ्यांना विचारलं नाही, ओटी बांधली आणि मधल्या ओळीत शिरले. जुन्यांपैकी दोघीतिघी होत्या, बाकी त्यांच्या सुना.

"मावशी, पिक्चर पाह्यला म्हनते तुमी? सांगा ना."

मी सांगायला लागले. ढाबा सांगितला, पीठ सांगितलं, चहा सांगितला, भाऊ सांगितले. बुलडोझर आणला, पोरीला दारात उभं केलं. गाडीची वेळ जिथे झाली होती तिथे आले आणि थांबले.

"मंग?"

मी जाऊबाईकडे पाहिलं. ती पलीकडच्या ओळीत बोंडं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग काय? त्या पोरीनं बुलडोझरवाल्याले इचारलं, 'सकाऊन जेवला का रे?' तो म्हने, नाई. तिनं म्हटलं, 'आधी जेव, मंग पाड.' तो जेवला. हात धुतला. मशीन फिरवली आन् गेला आपल्या घरी."

"आन् भाऊ?"

"भाऊ आले ना भाकर मागाले. म्हने, आमी भाऊ हाओ तुहे. तिनं म्हटलं, 'हाय ना, भाऊ हाय. पैसे टाका आन् बसा.'"

बाया अशा हसल्या की बांधावरची कुत्री उठून उभी राहिली.

"आन् लगन, मोठ्या मावशी? लगन नाई झालं तिचं?"

"कायचं लगन! गिऱ्हाइकाइची लाइन लागली होती. वेळ कोनाले होता?"

एक तरुण सून ओटी सावरत माझ्याकडे वळली. "खरंच असंच होतं का मावशी पिक्चरमंधी?"

जाऊबाईचा हात बोंडावर थांबला.

"आमी पुरा पाह्यला," मी म्हटलं. "गाडी सोडून."