मागून हाक

मी दांडीहून, आमच्या मच्छीमारांच्या गावाहून, निघाले त्या सकाळी आय अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती, रस्त्याकडे पाठ करून. शेजारच्या बायका दारात आल्या, कुणी हातात नारळ दिला, कुणी डोळे पुसले. आय काही उठली नाही. मी पाया पडायला तिच्या पुढ्यात गेले, तर तिनं डोक्यावर हात तेवढा ठेवला आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. भाऊ बॅग घेऊन पुढे गेला होता. रस्त्यापर्यंत मी चार वेळा वळून पाहिलं. चारही वेळा तिची पाठच दिसली. एवढाच राग असेल तर राहू दे, असं मनात म्हटलं आणि रिक्षात बसले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायचे. तिथं माझ्या शेजारच्या टेबलावर एक मद्रासकडची बाई होती. ती मला बोईसरला आपल्या घरी रविवारच्या प्रार्थनेला घेऊन गेली आणि दोनेक वर्षांत मी मॉर्मन झाले. गावाला तो शब्द झेपला नाही. त्यांच्या लेखी हिरा ख्रिस्ती झाली, संपला विषय. आयचं देवावरून भांडण नव्हतं. तिच्या फळीवर देवांची गर्दीच होती, आणखी एक आला तर ती बाकीच्यांना सरकवून जागा करणारी बाई. पण आमच्या पंथातली तरुण मंडळी मिशनला जातात, परक्या मुलखात दारोदार देवाचं सांगत फिरतात, मुली दीड वर्षासाठी, आणि मीही जाणार, हे कळलं तेव्हा ती गप्प झाली. ‘जायाचं तं जा,’ एवढंच म्हणाली. बाबा आधीच तापानं गेले होते. घरात उरणार होते ती आणि धाकटा भाऊ.

मला पाठवलं इंग्लंडच्या उत्तरेला, एका जुन्या बंदराच्या गावात. नशीब बघा, मासळीच्या वासातून निघाले ती थेट मासळीच्या वासात. कोटावर काळा बॅज लागला आणि मी सिस्टर पागधरे झाले. ते आडनाव तिथं एकाही माणसाला धड म्हणता आलं नाही. आणि हिरा म्हणणारं तर कुणीच नव्हतं. माझी जोडीदारीण सिस्टर क्लार्क, अमेरिकेतल्या शेतकऱ्याची मुलगी, गोरी, गोड आणि सतत सर्दी झालेली. नियम असा की दोघींनी कायम एकमेकींच्या नजरेसमोर राहायचं. सकाळी साडेसहाला उठा, प्रार्थना करा, शास्त्र वाचा, मग बाहेर. चोवीस तास एक माणूस हाताच्या अंतरावर, आणि तरी इतकी एकटी मी जन्मात कधी नव्हते. मराठीत बोलायला कुणी नाही म्हणून आंघोळ करताना मी आपली आपल्याशीच बोलायचे, भाव करायचे, शिव्यासुद्धा द्यायचे.

दारं ठोठावणं मात्र मला जमलं. सिस्टर क्लार्क पहिल्या दारावरच थरथरायची. कुणी तोंडावर दार लावलं की तिचे डोळे भरायचे. मी लहानपणापासून आयच्या मागं टोपली घेऊन बोईसरच्या चाळींतून फिरलेली. ‘दार लावला तरी तोंड वाकडा करू नको, उद्या त्याच दारी यायचा हाय,’ हे तिनं मला शिकवलेलं. तिच्या टोपलीत पापलेट असायचं, माझ्या पिशवीत पुस्तकं, फरक तेवढाच. आयचं ते वाक्य मी इंग्रजीत सिस्टर क्लार्कला सांगितलं तर तिनं वहीत लिहून घेतलं. कुणी कनवाळूपणानं आत बोलावलं की चहा पुढं यायचा. आमच्या पंथात चहा चालत नाही. हाडं गोठलेली असायची, समोर वाफाळता कप, आणि आम्ही आपलं हसून नको म्हणायचो. दांडीला कुणाच्या घरी चहा नको म्हटलं असतं तर वर्षभर बोलणी खाल्ली असती.

सोमवार पत्रांचा. दर सोमवारी कपडे धुऊन झाले की मी आयला पत्र लिहायचे. तिला वाचता येत नव्हतं, भाऊ वाचून दाखवायचा. त्याची दोन-तीन पत्रं आली, चार-चार ओळींची. सगळे बरे आहेत, छप्पर शाकारलं, आय काही सांगत नाही. आय काही सांगत नाही, हे प्रत्येक पत्रात. नाताळला घरी एक फोन करायची मुभा होती. बोईसरच्या बाजारातल्या ओळखीच्या दुकानात भाऊ येऊन थांबला. मी म्हटलं, आयला दे. तो म्हणाला, ‘ती दुकानाच्या बाहेर उभी हाय. आत येत नाय.’ मी ओरडून म्हटलं, बोल म्हणावं, एक शब्द बोल म्हणावं. तो बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, मान हलवते नुसती.

मग मात्र मी खचले. मला वाटलं, आयनं मला टाकली. गुडघ्यावर बसून प्रार्थना करायची आणि देवही गप्प. दुसऱ्यांच्या दारात उभी राहून मी सांगत होते की देव ऐकतो, आणि माझी सख्खी आई फोनवर येत नव्हती. खोटं बोलतेय असं वाटायचं. परत पाठवा, असं सांगायचं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

त्याच आठवड्यात आम्ही मिसेस बेलकडे गेलो. ही एक म्हातारी विधवा, नवरा मासेमारीच्या ट्रॉलरवर जायचा. तिला आमच्या धर्मात काडीचा रस नव्हता, पण आत बसवायची आणि चहा नको म्हटल्यावर कपात गरम पाणी द्यायची, वर लिंबाची चकती. त्या दिवशी सोमवार होता, म्हणून तिनं विचारलं, कपडे धुतलेत का. मग आपणहून सांगायला लागली. नवऱ्याची बोट सुटायची त्या दिवशी ती घरात एक कपडा धुवायची नाही, धुतला तर दर्या माणसालाही धुऊन नेईल म्हणून. आणि धक्क्यावर जाऊन हात कधीच हलवला नाही. दार लावून स्वयंपाकघरात बसायची. नवऱ्याला वाटायचं, हिला काही पडलेलीच नाही.

मी कप खाली ठेवला. अहो, आमच्याकडे काय वेगळं आहे? होडीकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. बाबा एकदा तंबाखूची पिशवी विसरून निघाले, आय ती हातात धरून दारात उभी राहिली आणि हूं की चूं केलं नाही. बाबा तीन दिवस तंबाखूवाचून राहिले आणि आल्यावर त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण दर्यावर पुरुष जातात. पोरगी जात नाही. आयनं मला त्या हिशेबात धरलं असेल, हे माझ्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. पत्र म्हणजे हाक, फोन म्हणजे हाक. इतके महिने ती बाई जीभ चावून बसली होती.

मी तिथंच रडले. सिस्टर क्लार्कला कळेना काय झालं. त्या दिवसापासून देवाच्या गप्प बसण्याचाही मला त्रास होईनासा झाला. तो गप्प असेल तर त्याचंही काही कारण असेल, असं म्हणून मी उरलेलं मिशन पुरं केलं.

परत आले तेव्हा आय वेशीपर्यंत चालत आली होती. मी विचारलंच, हाक नको म्हणून गप्प होतीस ना? तिनं माझी बॅग हिसकून घेतली. ‘राग व्हता. आजून हाय. पन गेल्या मानसाला मागून हाक नाय मारायची, येवढा तुला ठाव नाय?’ आणि मग घरापर्यंत जी बोलत सुटली, ती दोन दिवस थांबली नाही.

पुढे लग्न होऊन मी परत त्याच देशात आले. आम्ही जे गेलो, त्यांना सगळे विचारतात, घर म्हणजे तुमचं कुठलं? मी बरीच वर्षं धड सांगू शकले नाही. सुट्टीला दांडीला यायचे, निघताना आय पाठ करून बसायची आणि मी मजेत रिक्षात बसायचे. आता मला ती पाठ वाचता येत होती.

आय गेली त्यानंतर पंधरा दिवसांनी मी निघाले. भावाची बायको पाम गावची, शेतकऱ्यांच्या घरातली, माणूस लाख. मी रस्त्याला लागले आणि मागून तिचा आवाज आला, ‘ताय, थांबा! पिशवी ऱ्हायली!’

मी जागीच थिजले. त्या अंगणातून मला मागून आलेली ही पहिली हाक. आय गेली हे तिला जाळताना मला कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. मी रस्त्यातच खाली बसले आणि मोठ्यानं रडले.

भावजय घाबरून धावत आली. पिशवीत तिनं माझ्यासाठी बांधलेले बोंबील होते. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, पुढच्या वेळी काही राहिलं तर राहू दे, बाई. हाक मारू नको. अंगणात जा, पाठ करून बस. तिनं कारण विचारलं नाही. मान डोलावली, मागं फिरली आणि जिथं आय बसायची तिथं जाऊन बसली.

मी चार वेळा वळून पाहिलं.